पंचवीस मिनिटांचा बंदोबस्त

चांगल्या घरच्या सुनेनं भर दुपारी, जेवण नुकतंच पोटात गेलेलं असताना, सशासारख्या उड्या माराव्यात ही गोष्ट निर्मलाबाईंना पटण्यासारखी नव्हती, आणि न पटलेली गोष्ट मनात ठेवायची सवय त्यांना जन्मात नव्हती. उडी मारायला काहीतरी कारण लागतं. पायाखाली विंचू निघावा, म्हैस अंगावर यावी, निदान चटका तरी बसावा. डिंपल मात्र धानाच्या खोलीत पोत्यांच्या थप्पीसमोर उभी राहून, दोन्ही हात कानांशी ताठ धरून, "जंप, जंप, जंप" म्हणत उडत होती. मधूनच थांबायची, हातातलं चित्र पुढं करायची आणि भिंतीला विचारायची, "व्हॉट इज धिस?"

निर्मलाबाई दाराशी दोन मिनिटं उभ्या राहिल्या. पोरगी लाखनीची, डी.एड. झालेली. डोक्यात काही बिघाड असल्याचं लग्नाच्या वेळी कोणी बोललं नव्हतं.

"काहून वं," त्या शेवटी म्हणाल्या, "भितीले काय विचारून राहिली?"

डिंपलनं तोंड न वळवता, नुसत्या हातानं, त्यांना गप्प राहायची खूण केली. सासूला हातानं गप्प करणारी सून आसगावात आजवर झाली नव्हती. निर्मलाबाई तरातरा आत गेल्या आणि जागच्या जागी थिजल्या. भिंतीशी लॅपटॉप होता, लॅपटॉपात सहा खिडक्या होत्या आणि सहाही खिडक्यांतून सहा परकी लेकरं त्यांच्याकडे टकमक पाहत होती. इतके पाहुणे न सांगता घरात, आणि आपण विटक्या पातळात. त्यांनी पदर डोक्यावर ओढला आणि उलट्या पावली बाहेर आल्या.

"इंडोनेशियाची लेकरं हायेत ते, आई," वर्ग संपल्यावर डिंपलनं समजावलं. "समुद्रापलीकडचा देश. मी त्याहिले इंग्रजी शिकवते. कंपनीनं एक महिना पाहून मग नोकरी पक्की करतो म्हटलं."

"अन् धानाच्या खोलीत काहून?"

"तिथंच रेंज येते. अन् पोत्यांमुळं आवाज घुमत नाई."

निर्मलाबाईंनी पहिला आक्षेप मागे घेतला आणि दुसरा काढला. "तुह्या हातात सफरचंदाचं चित्र. तुले दिसते सफरचंद हाय. लेकराले दिसते सफरचंद हाय. मंग 'हे काय' म्हणून कायले विचारून राहिली?"

"शिकवायची पद्धत असते ना, आई."

निर्मलाबाई दुसरीपर्यंत शिकल्या होत्या आणि त्यांच्या मास्तरांना जे माहीत नसे तेच ते विचारत. मुख्यतः घरी ताक झालं काय हे. त्यामुळे ही पद्धत त्यांना संशयास्पदच वाटली. आपले दीड वाजतात तेव्हा तिथं तीन वाजलेले असतात, हे ऐकून तर त्या खाटेवर बसल्याच. "म्हणजे ते लोक आपल्यापरीस दीड तास आधी म्हातारे होत असन," त्या म्हणाल्या आणि बराच वेळ त्या लोकांबद्दल हळहळत राहिल्या.

इथवर सारं घरातल्या घरात होतं. मग कंपनीनं कागद मागितला. लहान लेकरांना शिकवणाऱ्या माणसाचं चारित्र्य पोलिसांनी तपासलेलं पाहिजे. डिंपलनं मोबाइलवरून अर्ज भरला, आणि आठव्या दिवशी हवालदार केवळराम वर्दीनिशी, मोटरसायकल फटफटवत, थेट अंगणात आले. निर्मलाबाईंच्या घराण्यात तीन पिढ्यांत अंगणात पोलीस आला नव्हता. एकदा एक आला होता, पण तो पाणी प्यायला, आणि त्यालाही त्यांच्या सासूबाईंनी फाटकाबाहेरच तांब्या दिला होता.

बरं, आला तो आला, चहा पिऊन गेला असता. पण नियमाप्रमाणं शेजाऱ्यांची साक्ष लागत होती, आणि शेजारी ललिताबाई होत्या. ललिताबाईंना कोणी प्रश्न विचारला असं गेल्या कित्येक वर्षांत घडलं नव्हतं. त्या न विचारताच सांगत. त्यांनी केवळरामांना खुर्ची दिली, चहा दिला आणि भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा बेतानं साक्ष दिली.

"पोरगी चांगली हाय बाप्पा. भाजीत मीठ कमी टाकते, पण मन साफ. कोणाच्या अध्यात नाई. सासूपुढं तोंड उघडत नाई. सासू उघडू देईन तवा ना."

"चारित्र्य चांगले," एवढंच केवळरामांनी लिहून घेतलं.

"आणखी लिहा ना. सासूचं लिहाचं नाई काय?"

"सासूचा अर्ज नाही, बाई."

भिंतीच्या अलीकडे निर्मलाबाईंच्या हातातली लसणाची पाकळी सोलायची राहून गेली.

त्या दिवशी त्यांनी हिशोब मांडला, तो असा. नोकरी टिकली, तर पोलीस नोकरीसाठी आला होता. नोकरी गेली, तर पोलीस कशासाठी आला होता? आसगावात या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक घरी वेगळं तयार झालं असतं. तेव्हा उड्या असोत की कोलांट्या, डिंपलची नोकरी टिकलीच पाहिजे.

आणि ती टिकण्याची लक्षणं नव्हती. कंपनीनं दोन तक्रारी कळवल्या. एक, वर्गात मागून आवाज येतात: कोंबडा, मळणीचं मशीन, आणि नाव न घेता "एका प्रौढ स्त्रीचा सततचा आवाज". दुसरी, चौथ्या खिडकीतली सेकार नावाची सात वर्षांची मुलगी तीन आठवड्यांत एक शब्द बोललेली नाही. तिची आई दूरच्या शहरात कामाला होती, पैसे भरत होती आणि लेकीचा इंग्रजी आवाज ऐकायला आसुसली होती. गुरुवारी कंपनीची निरीक्षक मॅडम वर्ग पाहणार. त्यात जमलं तर जमलं, नाही तर महिन्याअखेर नमस्कार.

"मुकी हाय काय ते पोट्टी?" निर्मलाबाईंनी विचारलं.

"मुकी नाई, आई. आजीजवळ राहते. आजीची भाषा जावानीज, शाळेत इंडोनेशियन, अन् माह्यापाशी इंग्रजी. त्यातही आजीशी बोलाचे शब्द वेगळे असतात, मानाचे. तिकडं मोठ्या माणसासमोर चुकीचं बोलण्यापरीस गप्प बसलेलं बरं मानतात. अन् आजी रोज मागंच बसून असते."

त्या देशाबद्दल निर्मलाबाईंना पहिल्यांदा आदर वाटला. त्यांनी आपल्या नातीकडे, सहा वर्षांच्या गुड्डीकडे पाहिलं. गुड्डी आजीला सरळ "तू" म्हणे, आणि वर्गाच्या वेळी घरात कोणाला सांभाळावी लागू नये म्हणून रोज डिंपलच्या टेबलाखाली गप्प बसून असे.

"पाय, शीक काही. आजीसमोर चूप बसतात तिथली लेकरं."

"तू बोलूच कुठं देते, आजी," गुड्डी म्हणाली.

सेकारच्या मौनावर ललिताबाईंनी भिंतीवरून उपाय सांगितला. नजर लागली असेल. मीठ-मोहरी ओवाळून टाका. पोरगी समुद्रापलीकडे असली तरी चेहरा तर याच डब्यात दिसतो ना. ललिताबाईंचं ऐकणं निर्मलाबाईंच्या तत्त्वात बसत नव्हतं, पण पोलीस प्रकरणानंतर तत्त्वं थोडी सैल झाली होती. डिंपल आंघोळीला गेल्यावर त्यांनी मूठभर मीठ-मोहरी लॅपटॉपवरून सात वेळा ओवाळली. सहाव्या वेळी मूठ जरा ढिली झाली. दुपारी डिंपलला कळेना, की काही केल्या एक बटण खाली का जात नाही. डिंपलच्या नवऱ्यानं, धनंजयनं, रात्रीच्या जेवणाआधी ते सुईनं उचकटलं, तेव्हा खालून चार मोहऱ्या निघाल्या. त्यानं आईकडे पाहिलं. आईनं छताकडे पाहिलं. मुलगा समजूतदार होता. सुई जागेवर ठेवून जेवायला बसला.

मग निर्मलाबाईंनी आपल्या आवाक्यातलं काम हातात घेतलं. गुरुवारी दीड ते एक पंचावन्न, पंचवीस मिनिटं, त्यांच्या गल्लीत आवाज होणार नाही. एवढं साधं काम.

पहिल्यांदा त्या जागेश्वरकडे गेल्या, ज्याचं मळणीचं मशीन मागच्या खळ्यावर चालू होतं. "अर्धा घंटा बंद ठेव," त्या म्हणाल्या. जागेश्वर म्हणाला, "काकू, मजूर बसून राहतीन." निर्मलाबाई म्हणाल्या, "मंग मजुराईले माह्या घरी जेवाले पाठव." जागेश्वरनं होकार दिला, आणि अकरा माणसांचा स्वयंपाक निर्मलाबाईंच्या गळ्यात पडला. कोंबडा ललिताबाईंचा. त्याला टोपल्याखाली झाकायला त्या तयार झाल्या, पण वर्ग दारातून पाहू द्यायच्या अटीवर. ही अट निर्मलाबाईंनी "पाहू" म्हणून टोलवली.

राहिली कचऱ्याची घंटागाडी. ती बरोबर पावणेदोनला गाणं वाजवत गल्लीत शिरायची. निर्मलाबाई ग्रामपंचायतीत गेल्या. ग्रामसेवक म्हणाले, अर्ज द्या. त्यांनी धनंजयकडून अर्ज लिहवून दिला. ग्रामसेवकांनी वाचला आणि म्हणाले, गाणं बंद करायचा अधिकार आपल्याला नाही, मासिक सभेत ठराव लागेल. सभा पुढच्या महिन्यात.

"वर्ग परवा हाय, साहेब."

"मग गाडीच आणू नका म्हणून सांगू शकतो. त्याला ठराव लागत नाही."

गाणं थांबवायला ठराव लागतो आणि अख्खी गाडी थांबवायला लागत नाही, हे ऐकून निर्मलाबाई खुर्चीतून उठायचं विसरल्या. ग्रामसेवकांनी तेवढ्यात वहीत नोंद केली: सदर गल्लीस घंटागाडी नको. परवापुरती असं लिहायचं राहिलं. त्या दिवसापासून गल्लीचा कचरा गल्लीतच राहिला, आणि सारे शेजारी निर्मलाबाईंच्या फाटकाकडे पाहून नाकाला पदर लावू लागले.

गुरुवार उजाडला. अकरा मजूर अंगणात वांग्याची भाजी खात होते, आणि निर्मलाबाईंनी तंबी दिल्यामुळे भुरका न मारता खात होते. कोंबडा टोपल्याखाली. धनंजयला कारण नसताना शेतावर धाडलेलं. धानाच्या खोलीची कडी मोडकी होती, म्हणून दार धरून बसायला आतूनच कोणीतरी हवं होतं, आणि असं जोखमीचं काम निर्मलाबाई दुसऱ्या कोणावर सोपवणार नव्हत्या. त्या दाराला पाठ लावून पोत्यावर बसल्या. लॅपटॉपातून त्या दिसत नव्हत्या, पण त्यांना लॅपटॉप दिसत होता. तोंडाचा भरवसा नको म्हणून त्यांनी गालात अख्खी सुपारी धरली.

आज सात खिडक्या होत्या. सातवी नुसती काळी, तिच्यात निरीक्षक मॅडमचं नाव. डिंपलनं दोनदा चुकीचं चित्र उचललं. पण लेकरं चांगली होती. ॲपल म्हणाली, बनाना म्हणाली, उड्या म्हटल्यावर उडाली. चौथ्या खिडकीत सेकार हातांची घडी घालून बसली होती. गोल चेहरा, कपाळावर सरळ कापलेले केस. तिच्या मागं चटईवर म्हातारी.

निर्मलाबाईंचं लक्ष म्हातारीकडे गेलं, आणि तिथंच सारं बिघडलं.

म्हातारी तांदूळ निवडत होती. हे ठीक. तो देशही भाताचा आहे हे त्यांना त्या क्षणी कळलं, आणि दीड तास आधी म्हाताऱ्या होणाऱ्या त्या लोकांबद्दल एकदम आपलेपणा वाटला. पण तिच्या हातातलं सूप गोल होतं. परातीसारखं गोल, बांबूचंच, पण त्याला पाठ नाही, तोंड नाही, कोपरा नाही. निर्मलाबाईंनी डोळे बारीक केले. तांदूळ वर फेकायचे सोडून म्हातारी ते सूप नुसतं गरागरा फिरवत होती. सूप कधी कोणी फिरवतं? अशानं अर्धे तांदूळ चटईवर आणि दगड पोटात.

"सेकार," डिंपल गोड आवाजात म्हणाली, "व्हॉट इज धिस?"

सेकार गप्प. काळी खिडकी गप्प. मागं सूप गरगर.

निर्मलाबाईंनी सुपारी या गालातून त्या गालात नेली. एकदा. दोनदा. चार मिनिटं त्यांनी कळ काढली. त्यांच्या आयुष्यातली ही सगळ्यात लांब कळ. मग म्हातारीनं सूप आणखी जोरात फिरवलं, आणि इकडे आसगावात सुपारी तोंडातून जमिनीवर पडली.

"अवं बाई, अशी नाई. सांडन ना सारं."

डिंपल सफरचंदाचं चित्र हातात धरून पुतळा झाली. निर्मलाबाई तोवर लॅपटॉपसमोर पोचल्या होत्या. म्हातारीनं मान वर केली, या नव्या बाईकडे पाहिलं, दात नसलेलं तोंड उघडून हसली आणि तिच्या भाषेत लांबलचक काहीतरी बोलली.

"काय म्हणते ते?" निर्मलाबाईंनी डिंपलला विचारलं.

"मले नाई समजत त्यांची भाषा," डिंपल पुटपुटली. तिचे डोळे काळ्या खिडकीवर होते. "आई, तुमच्या पाया पडते, बाहेर जा."

टेबलाखालून डोकं निघालं. गुड्डी वर आली, आईच्या हाताखालून लॅपटॉपपुढं तोंड काढलं आणि म्हणाली, "सेकार, व्हॉट ग्रँडमा से?"

सेकारनं गुड्डीकडे पाहिलं. मग मागं वळून आजीला हळूच काही विचारलं. एखादा मानाचा शब्द चुकला असावा, कारण म्हातारीनं तो दुरुस्त केला. पोरगी लाजली, पण पुन्हा समोर वळली.

"ग्रँडमा से," ती म्हणाली, "व्हाय यू अँग्री?"

डिंपलच्या हातातलं चित्र खाली पडलं.

"ते आजी म्हणते, तू कायले चिडून राहिली," गुड्डीनं सांगितलं.

"चिडली कोण? तिले विचार, या सुपाले कोपराच नाई, तं दगड जमा कोठी होते?"

"नो कॉर्नर," गुड्डी म्हणाली. "स्टोन व्हेअर गो?"

सेकारनं विचारलं. म्हातारीनं उत्तर दिलं नाही. सूप उचललं, दोन फेरे दिले, आणि एकदम थांबवून कॅमेऱ्यापुढं धरलं. तांदूळ चहूकडे पसरलेले, आणि बरोबर मधोमध, जसं कोणी बोटांनी वेचून ठेवावं तसा, खड्यांचा आणि पोचट दाण्यांचा लहानसा ढीग.

"मिडल," सेकार म्हणाली. तिला कोणी विचारलं नव्हतं. "ऑल बॅड गो मिडल. यू सी?"

निर्मलाबाईंनी पाहिलं. चाळीस वर्षं त्यांनी सूप पाखडलं होतं. गावात कोणाच्या घरी लग्न असलं की तांदूळ पाखडायला निर्मलाबाईंनाच बोलवत, आणि त्या नव्या पोरींच्या हातातून सूप हिसकून घेत. त्यांचा आ वासला तो वासलेलाच राहिला.

"परत कर म्हणा," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"अगेन," गुड्डी म्हणाली.

या वेळी सेकार आजीला विचारायला थांबलीच नाही. ती आजीकडून सूप घेऊन स्वतःच फिरवू लागली, आणि फिरवता फिरवता सांगू लागली, असं धरायचं, जोर नाही, मनगट. इंग्रजी तोडकं होतं, पण थांबत नव्हतं. निर्मलाबाईंनी आपलं सूप आणवलं. ललिताबाईंनी, ज्या दार सुटल्याबरोबर आत आल्या होत्या, ते धावत आणून दिलं. मग निर्मलाबाईंनी धान उडवून दाखवलं, आणि कोंडा लॅपटॉपवर, डिंपलच्या केसांवर, गुड्डीच्या नाकात गेला. म्हातारी टाळ्या वाजवू लागली. बाकीची पाच लेकरंही आपापल्या खिडकीतून ओरडू लागली, "मी सी, मी सी." जागेश्वरचे मजूर हात धुऊन दाराशी जमले. पंचवीस मिनिटं केव्हाच संपली होती, आणि बटण दाबायची शुद्ध कोणालाच नव्हती. काळी खिडकी तेवढी शेवटपर्यंत काळी राहिली.

त्या संध्याकाळी निर्मलाबाईंनी भाजीत आपणहून मीठ कमी टाकलं, यावरून त्यांची अवस्था ओळखावी.

सकाळी पत्र आलं. डिंपलनं ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. वर्गात घरची माणसं आली, वेळ लांबली, धूळ उडाली, कंपनीचे चार नियम मोडले; याची गंभीर नोंद घेतली आहे. त्याखाली लिहिलं होतं, की सेकारच्या आईनं वर्गाचं चित्रण पाहिलं. लेकीचा आवाज ऐकून ती रडली. डिंपलची नोकरी पक्की, आणि दर गुरुवारी शेवटची दहा मिनिटं सूपवाल्या आजी येतील काय, अशी सहाही पालकांची विनंती आहे. फक्त लेकरांसमोर येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाचं चारित्र्य पोलिसांनी तपासलेलं पाहिजे, तेवढा कागद जोडावा.

निर्मलाबाईंनी तो भाग पुन्हा वाचायला लावला. तिसऱ्यांदाही तो तसाच होता.

आठ दिवसांनी केवळरामांची मोटरसायकल फटफटत आली. या वेळी अंगणात नुसता एक वळसा घालून सरळ ललिताबाईंच्या दारात गेली. भिंतीपलीकडून आवाज आला, "या, भाऊ, या. कोरी वही आणली ना? बसा आरामात, दोनदा चहा लागन."

निर्मलाबाई खाटेवर ताठ बसल्या होत्या, मांडीवर सूप. नवं होतं, गोल. बुरडाकडून मुद्दाम विणून आणलेलं, आणि त्यालाही आठ वेळा समजावून सांगावं लागलं होतं. डिंपल दाराआड पदर तोंडात कोंबून उभी होती. तिचे खांदे हलत होते.

"हासू नको, इकडं ये," निर्मलाबाई म्हणाल्या.

डिंपल समोर येऊन उभी राहिली.

"तू शिकवते चांगली. उड्या बी मार, माही ना नाई. पण तीन हप्ते त्या पोट्टीले जे विचारलं ते तुलेबी मालूम होतं अन् तिलेबी मालूम होतं. जिले खरंच मालूम नव्हतं तिनं विचारलं, तवा पोट्टी बोलली." त्यांनी सूप एक फेरा फिरवलं, मधला ढीग पाहिला आणि भिंतीकडे मान झटकली. "अन् एवढं शिकाले तू माह्या दारी दोनदा पोलीस आणला."